गाडी हवा घेत होती तो उन्हाळा

आबा,

तुमची गाडी आज सकाळी पुन्हा हवा घ्यायला लागली. किक मारली तशी पहिल्याच दणक्यात सुरू झाली, मला बरं वाटलं, पण जरा गरम झाल्यावर मूठ सोडली तरी आवाज खाली येईना. उलट चढतच गेला. मग तुम्ही शिकवलंत तसं कार्बोरेटरच्या तोंडावर फडकं दाबलं, तेव्हा कुठं ती गुदमरून गप्प झाली. घरामागं परडंभर निळा धूर आणि त्यात खोकत उभी मी. आतून हे ओरडले, "अगं, काय फुटलं?" मी म्हटलं, काही नाही, आबांची गाडी बोलतीय. यावर यांनी खिडकी लावून घेतली. तुमच्या जावयाचं आणि या गाडीचं कधी जमलं नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? लग्नानंतर पहिल्या खेपेला तुम्ही त्यांना मागं बसवून रंकाळ्यापर्यंत नेलंत आणि ते परत येताना रिक्षानं आले, तेव्हापासूनचा तो दुरावा आहे.

तुम्ही गेलात त्या वयाला मागं टाकून मी केव्हाच पुढं आले. म्हणजे हिशेबानं आता मी तुमच्यापेक्षा थोरली, पण पाटावर बसून इंजिन खोलायला घेतलं की अजून वाटतं, मागून आवाज येणार: "नट एका बाजूनं आवळू नको!" ती बोलणी मी एकदाच खाल्ली, पण जन्माची पुरली. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असेन. कार्बोरेटर बसवताना एका बाजूचा नट मी पार पिळून टाकला आणि मग दुसऱ्याकडं वळले. तुम्ही पाना हातातून काढून घेतलात आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "ह्या बाजूला जरा, त्या बाजूला जरा, असं आवळायचं असतंय. एकाच बाजूचं ऐकलं की दुसरी बाजू उचलती, आणि मग तितनं हवा घेत बसती जन्मभर." शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. मी रडले. तुम्ही पाना परत माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "रडून झालं की सैल कर, पुन्यांदा लाव." मी रडत रडतच लावला, आणि या वेळी बरोबर लावला.

दोन-स्ट्रोक इंजिनाची गंमत तुम्ही मला पोटाच्या भाषेत समजावली होती. त्याचं पोट बंद पाहिजे. पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमधून ठरल्या मापानं आत गेली पाहिजे, दुसरीकडून कुठूनही चोरून हवा शिरता कामा नये. एखादं पॅकिंग फाटलं, क्रँकचं, म्हणजे फिरत्या दांड्याचं, रबरी सील कडक झालं, की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि गाडी मूठ न पिळता आपलीआपणच पळायला लागते. लोकांना वाटतं, वा, काय जोर आहे! प्रत्यक्षात ती आतून तापत असते आणि शेवटी पिस्टन धरतो, जागच्या जागी अडकून बसतो. "पोटात वारा धरला की माणूस काय आणि गाडी काय, उगंच बोंबलत्यात," असं तुम्ही म्हणायचात आणि तात्यांकडं बघायचात. तात्या, तुमचे थोरले बंधू, पेठ वडगावातलं बडं प्रस्थ. ते आधीच बोलायचे मोठ्यानं, त्यात तुम्हाला ऐकवायचं असलं की विचारायलाच नको.

पण आज मला सगळं सोडून त्या एका उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे. आपण दोघं त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी बोलले नाही, आणि मी गप्प म्हणून तुम्हाला वाटलं असेल, पोरगी विसरली. मी विसरणारी आहे का, आबा?

आधी तुमच्या नोकरीचं लिहिते, कारण त्याशिवाय त्या उन्हाळ्याला काही अर्थच नाही. जमिनीची मोजणी करणारा माणूस म्हणजे तुम्ही. कुठं कळंब्याकडचं शेत, कुठं पार चंदगडच्या डोंगरातली काजूची जमीन, भावाभावांच्या भांडणात साखळी टाकायची, हद्द दाखवायची, दगड रोवायचा. एकदा सुट्टीत मला तुम्ही कळंब्याच्या बाजूला मोजणीला घेऊन गेला होतात. शेतमालकानं कोंबडं कापलं होतं, वास सगळ्या रानात. तो सारखा म्हणतोय, "पावणं, आधी जेवून घ्या की, दगड कुठं पळून जातोय काय?" आणि तुम्ही उन्हात उभे. "दगड पळत न्हाय, पर जेवल्यावर माणूस जरा सरकतोय. आधी दगड, मग ताट." दगड त्याच्या मनापेक्षा वीतभर आत आला. त्याचं तोंड उतरलं. तुम्ही हात धुऊन जेवायला बसलात आणि त्याच्याच म्हातारीकडं रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतलात. येताना गाडीवर मी विचारलं, वीतभरानं काय बिघडलं असतं? तुम्ही वाऱ्यात ओरडून म्हणालात, "वीतभर खोटं बोललो, तर उद्या खऱ्याला कोण इचारतंय?" सगळ्या तालुक्यात तुमचं नाव होतं ते यासाठी.

तर तो उन्हाळा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, शेवटचं वर्ष राहिलं होतं. चैत्रातच तात्यांनी वडगावचं स्थळ आणलं. बाजारपेठेत दुकान, पाठीमागं शेती, घरात म्हशी, मुलगा एकुलता एक. मंडळी मला बघून गेली. मुलाच्या आईनं जाता जाता सांगून टाकलं, "आमच्यात सुना कॉलेजला जात न्हाईत बाई. शिकली तेवढं लई झालं." त्यांना लग्न याच हंगामात उरकायचं होतं, आषाढ लागायच्या आत, कारण एकदा आषाढ लागला की चार महिने कुणी अक्षता टाकत नाही. आता राहिली होती एकच गोष्ट. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं मुलीच्या बापानं स्वतः जाऊन मुलाचं घर बघायचं आणि तिथलं पाणी प्यायचं. बाप पाणी प्यायला म्हणजे पसंती झाली, मग सुपारी फुटायची. भाऊ नको, मामा नको, बापच पाहिजे. आणि तात्यांच्या शब्दाला तुम्ही नाही म्हणणार नव्हता, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. तुमचे वडील लवकर गेल्यावर तात्यांनी तुम्हाला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांच्यासमोर तुम्ही खुर्चीवर बसत नव्हता.

आणि नेमकं त्याच दिवसांत गाडीनं हवा घेतली. हे मात्र अगदी खरं. कळंब्याच्या चढावर ती पिसाळली आणि पिस्टन धरला, तुम्ही ढकलत घरी आलात. शर्ट पिळून काढावा असा ओला, आणि तरी पहिलं वाक्य काय, तर "कार्बोरेटरचं पॅकिंग गेलंय बहुतेक, जाड कागद दे."

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर तुम्ही मांडी घालून बसला आहात. आई चटणीसाठी सुकं खोबरं भाजते आहे, सगळ्या घराला त्याचा वास, त्यात पेट्रोलचा. जाड कागद म्हणून तुम्ही जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आहे. तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवून कार्बोरेटरच्या तोंडाला लावायची, पत्रिका त्यावर दाबायची, मग ठसा उमटतो त्या रेघेवरून कापायचं, हे तुमचं पॅकिंग. तुम्ही पहिली पत्रिका उचलता आणि आई झाऱ्यासकट धावून येते. "गणपती हाय त्यावर! देव कापताय व्हय?" तुम्ही दुसरी उचलता, त्यावरही गणपती. तिसरीवर कुलदैवत. "ह्या गावात देवाशिवाय लगीन करतच न्हाईत काय कोण?" असं म्हणत तुम्ही एकेक पत्रिका उलटीपालटी करता, आणि शेवटी देव सगळे अलगद कापून बाजूला काढता, देव्हाऱ्यात नेऊन ठेवता, उरल्या कागदावर ठसा घेता. मी हसून हसून लोळते आहे. आणि त्या हसण्याच्या मधेच, कात्रीवरची नजर न काढता तुम्ही विचारता, "तुझं किती राहिलंय अजून?"

"शेवटचं वर्ष," मी म्हटलं.

"करायचं हाय?"

मी हो म्हटलं. तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून पुन्हा एकदा म्हटलं, "करायचं हाय, आबा." तुम्ही "हं" केलंत आणि कापत राहिलात. आईनं खोबरं जाळलं. बस्स, एवढंच बोलणं झालं.

नवं पॅकिंग बसवल्यावरही गाडी हवा घेतच राहिली, म्हणजे दोष दुसरीकडं होता. त्यानंतरच्या रविवारी वडगावला जायचं ठरलेलं. तुम्ही तात्यांना निरोप धाडला: गाडी उघडलेली आहे, पुढच्या रविवारी येतो. पुढच्या रविवारीही गाडी उघडलेलीच. एसटी काय दर थोड्या वेळानं सुटते वडगावला, शेंबडं पोरसुद्धा एकटं जाऊन येईल. तात्यांचा उलट निरोप आला, एसटीनं ये. त्यावर तुमचं उत्तर मी स्वतः ऐकलं, कारण तुम्ही ते निरोप आणणाऱ्याला असं दिलंत की कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही कळावं. "पोरीचं घर बघायला मोजणीसाहेब एसटीतनं उतरणार? कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून? त्यांना म्हणावं, आमची गाडी त्यांच्या दारात उभी राहिली पाहिजे. मग पाणी पितो."

आणि लोकांना हे पटलं, हीच तर मौज! दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर म्हणाले असते, काहीतरी काळंबेरं आहे. पण तुमचा तोरा सगळ्या भावकीला ठाऊक. गाडी धुतली नाही म्हणून तुम्ही एका पुतण्याच्या बारशाला गेला नव्हता. मला तर तुमचा इतका राग यायचा त्या दिवसांत! एकीकडं वाटायचं, बरंच आहे, जाऊच नका. दुसरीकडं वाटायचं, माझं आयुष्य इथं टांगणीला लागलंय आणि हा माणूस रविवारच्या रविवार इंजिन सोडवून त्याचे भाग धोतराच्या फडक्यावर मांडून बसतोय, पुसतोय, परत लावतोय. साखळी टाकून डोंगर मोजणाऱ्याला एवढ्याशा इंजिनातलं भोक सापडू नये? कॉलेजचे प्रवेश सुरू व्हायला आले होते. मी आईला विचारलं, "आबांना खरंच सापडंना झालंय काय?" आई पीठ चाळत म्हणाली, "मला काय कळतंय गाडीतलं?"

शेवटी ज्येष्ठात एका रविवारी तात्या स्वतःच आले. दारातूनच आवाज, "कुठाय ती गाडी? मला बघू दे काय रोग झालाय तिला!" तुम्ही अजिबात डगमगला नाहीत. तात्यांना परड्यात खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि म्हणालात, "बघाच तात्या तुमच्या डोळ्यांनी."

मग तुम्ही ती तपासणी मांडलीत. मी पुढं किती जणांना ती शिकवली, पण तशी मांडलेली कधी बघितली नाही. पिस्टन खाली आणून ठेवलात. कार्बोरेटरचं भोक आणि सायलेन्सरचं भोक सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून घट्ट बंद केलीत. जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून त्यात सायकलचा व्हॉल्व्ह बसवला होता, तो प्लगच्या जागी आवळलात. आता पंपानं आत हवा भरायची आणि बाहेरून सगळीकडं फेस लावायचा. जिथं हवा निसटते तिथं बुडबुडे येणार. पंक्चर काढतात तसंच. फेसासाठी आईनं रिठे भिजवून दिले होते. दाढीचा जुना ब्रश माझ्या हातात. बॅटरी तुमच्या हातात. आणि पंप कोण मारणार म्हटल्यावर तात्याच उठले, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "आण हिकडं. तालमीत जोर मारलेला माणूस हाय मी."

तात्या पंप मारतायत. मी सिलिंडरच्या बुडाशी फेस लावते, काही नाही. कार्बोरेटरच्या जोडावर लावते, काही नाही, पत्रिकेचं पॅकिंग झकास बसलंय. चेंबरच्या सांध्यावर लावते, काही नाही. मग ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या बाजूला येते. तिथलं चाक तुम्ही आधीच काढून ठेवलेलं, मागं क्रँकचं टोक आणि त्याभोवती ते काळं रबरी सील. मी ब्रश टेकवला मात्र, आणि सीलच्या खालच्या अंगाला बुडबुडे यायला लागले. एकामागून एक, चांगले टपोरे. आंधळ्यालासुद्धा दिसावेत असे. मी "आबा" म्हणायला तोंड उघडलं, आणि तुमचा अंगठा आला. बॅटरी दुसऱ्या हातात घेऊन, जणू टेकायला आधार पाहिजे म्हणून, तुम्ही अंगठा बरोबर तिथं दाबलात. आणि माझ्याकडं बघितलंत.

ती नजर मी आयुष्यात एकदाच बघितली. तुमच्या डोळ्यांत तोरा नव्हता, राग नव्हता. घाबरला होतात तुम्ही. दगड वीतभर न सरकवणारा माणूस थोरल्या भावाच्या देखत, त्याच्याच हातून पंप मारून घेऊन, अंगठ्याखाली खोटं दाबून बसला होता.

"काय दिसतंय?" तात्यांनी धापा टाकत विचारलं.

"कुटं काय दिसत न्हाय, तात्या," तुम्ही म्हणालात.

तात्या पंपावरून सरळ झाले. माझ्याकडं वळले. "तुझं डोळं तरणं हाईत. तू सांग पोरी. येतोय काय बुडबुडा?"

आबा, तुमचा अंगठा तिथंच होता. तुम्ही माझ्याकडं बघणं सोडून खाली बघायला लागलात. मला काही खुणावलं नाहीत, काही सुचवलं नाहीत. मी हो म्हटलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी वडगावला जाऊन पाणी प्यायला असतात, याची मला आजही खात्री आहे. मी ब्रश फेसात बुडवला, दुसऱ्या बाजूला लावला, आणि म्हणाले, "न्हाय तात्या. कुठंच काय न्हाय."

"मग हवा जाती कुठं? माझ्या डोक्यात?" तात्यांनी पंप टाकून दिला. "नाचता येईना अंगण वाकडं! त्यापेक्षा बैल पाळ म्हणावं." चहाही अर्धा टाकून ते गेले. तुम्ही कितीतरी वेळ अंगठा काढलाच नाही. आई दारातून म्हणाली, "गेले ते, उठा आता," तेव्हा उठलात आणि हात धुवायला गेलात. मी तुमच्यामागून आत आले नाही. परड्यातच बसून राहिले आणि पहिल्यांदा मला कळलं की या माणसाला मी किती आवडते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, लाजच वाटली असती.

वडगावच्यांनी काही दिवस वाट बघितली आणि दुसरीकडं सुपारी फोडली. माझा प्रवेश झाला. आषाढ लागल्यावरच्या पहिल्या रविवारी तुम्ही गाडी पुन्हा उघडलीत, जुनं सील उचकटून काढलंत आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून नुसतं म्हणालात, "आण गं." आई उठली, तिखटाच्या बरणीमागं हात घातला आणि कागदात गुंडाळलेलं कोरं सील तुमच्या हातावर आणून ठेवलं. कागदाला तिखट लागलेलं. म्हणजे ते नुकतं आलेलं नव्हतं. चैत्रापासून ते तिथं बसून होतं आणि मला काय कळतंय गाडीतलं म्हणणारी बाई रोज त्याच्या पुढ्यातून तिखट घेत होती. तुम्ही सीलच्या ओठाला तेल लावलंत, बोटानं हलकेच बसवलंत, मी चाक लावलं. गाडी सुरू झाली आणि मूठ सोडल्याबरोबर शहाण्या मुलीसारखी खाली आली. मग आई म्हणाली, "भाकरी थंड होतीय."

या सगळ्याची किंमत तुम्ही दिलीत, ते मी बघितलं आहे. तात्या त्या दिवाळीला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही आले नाहीत. तुम्ही फराळाचा डबा घेऊन गेलात तर बाहेरच्या सोप्यावरूनच परतलात. घरी येऊन म्हणालात, तात्या झोपले होते. भरदुपारी नव्हे हो आबा, सकाळची वेळ होती ती. तुमच्या जेवणात मीठ कमी पडलं तरी गल्ली दणाणायची, पण त्या दोन वर्षांत तुमचा आवाज खाली आला होता. मला ते ऐकवत नसे. वाटायचं, जाऊन तात्यांचे पाय धरावेत आणि सगळं सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तुम्हीच उघडे पडला असतात.

मग मला शाळेत नोकरी लागली, विज्ञान शिकवायची, आणि त्याच आठवड्यात तात्या पेढे घेऊन आले. सोप्यावर उभे राहून गाडीकडं बघत राहिले. "चालतीय न्हवं आता?" "चालतीय की," तुम्ही म्हणालात, "तुमच्या आशीर्वादानं." "व्हय, व्हय," तात्या म्हणाले, "आणि माझ्या पंपानं." तुम्ही खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावलात, तो काढेचनात. तात्यांनी तुम्हाला खांद्याला धरून उठवलं आणि आत येऊन, तुमचा हात ओढून, शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तुम्ही थोरल्या भावाबरोबर खुर्चीवर बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्यांना केव्हा कळलं असेल? मला वाटतं, पंप मारतानाच. तालमीतला माणूस, हाताला कळलंच असणार हवा कुठं जाते ते.

नोकरीबद्दल तुम्ही मला घड्याळ दिलंत, पण खरी भेट त्याआधीची आहे. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मला कळंब्याच्या तळ्यापर्यंत नेलंत, गाडी बांधावर उभी केलीत आणि स्वतः मागं बसलात. म्हणालात, "घे." साडीचा पदर खोचून मी गाडी चालवली. धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघताहेत, सायकलवरचा एक माणूस बघता बघता चिखलात गेला, आणि तुम्ही मागून सगळ्यांना हात करताय, जणू तुमचीच मिरवणूक. गिअर बदलताना मी दरवेळी झटका द्यायचे आणि तुमचं डोकं माझ्या पाठीवर आदळायचं. मला बोलणी बसली नाहीत अशी ती बहुधा एकच वेळ असेल.

दुपारी मी गाडी उघडली. आजचा दोष किरकोळ निघाला, कार्बोरेटरच्या जोडावर पॅकिंग चिरलं होतं. दुकानात तयार मिळतं आता, पण मी घरीच कापलं, आणि दोन्ही बाजूंनी जरा जरा करत आवळलं. आता ती परड्यात शांत फटफटते आहे आणि मी पायरीवर बसून हे लिहिते आहे. पाठवायचा प्रश्नच नाही. घरात ठेवायचीही सोय नाही, कारण अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती यांच्या हाती लागली तर या वयात मला चिडवून हैराण करतील.

वडगावचा तो मुलगा बघायला आला होता ना, त्या दिवशी त्याच्या आत्यानं मला आधी चालायला लावलं, मग सुईत दोरा ओवायला लावला, मग वर्तमानपत्र वाचायला लावलं. अजून काहीतरी सांगणार तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "पुरे की आत्या. तिची परीक्षा परवाच झालीया." सगळे हसले. मी वर बघितलं तर त्याचे कान लाल झाले होते. चांगलं होतं हो पोरगं. पुढं कितीतरी दिवस मी ते लाल कान आठवत होते, तुम्ही परड्यात इंजिन पुसत होता तेव्हासुद्धा. माझं शिक्षण झालं, शाळा झाली, संसार झाला, तक्रारीला जागा नाही. कधीतरी मनात यायचं, आबांनी मला मुलाबद्दलही विचारायला हवं होतं. आता वाटतं, विचारलं नाहीत तेच बरं. तुम्ही मला फक्त शेवटच्या वर्षाचं विचारलंत. त्याचं विचारलं असतंत, आबा, तर मी हो म्हणाले असते.